गुहागरच्या एका गाडीचे ब्रेक : फक्त पॅड बदलावेत की डिस्कही?

प्रकरणातील गाडी सात वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. पुढे हवा खेळण्यासाठी मध्ये फटी ठेवलेल्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या या तबकड्यांना दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात) आणि मागे ड्रम (त्यांना आतून शू घासतात), अशी आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत आढळणारीच तिची रचना आहे. मालक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे घर गुहागरला रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या वाडीत असल्यामुळे गाडी वर्षभर नारळी-पोफळीखाली, लाटांचा आवाज स्पष्ट ऐकू येईल इतक्या अंतरावर उभी असते. सात वर्षांत ती ३८,००० किलोमीटर चालली. आठवड्याला एखादी चिपळूणची फेरी, अधूनमधून धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोली, वर्षातून दोन-तीन वेळा कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, आणि जूनच्या अखेरीपासून गणपतीपर्यंत बहुतांश काळ जागच्या जागी मुक्काम, असा तिचा वापर. यातील शेवटची बाब मालकांनी सांगताना सहज सांगितली, कारण उभ्या गाडीची झीज होत नाही असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात या प्रकरणाचा निकाल तिनेच लावला.

तक्रार गणपतीनंतरच्या पहिल्याच लांब प्रवासात सुरू झाली. कऱ्हाडहून परतताना हेळवाक सोडून घाट उतरू लागल्यावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरे, पुढून कुठूनतरी खरखर ऐकू येई आणि पाय जोरात पडला तर गाडी किंचित उजवीकडे ओढ घेई. खाली पोफळीला गाडी थांबवून मालकांनी दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तेव्हा उजव्या चाकाची झळ डाव्यापेक्षा बरीच जास्त लागली. त्यावरून बिघाड उजव्या चाकात आहे, असे त्यांनी गृहीत धरले.

त्यानंतर त्यांनी दोन ठिकाणी विचारले. चिपळूणच्या एका गॅरेजने गाडीचे किलोमीटर पाहूनच अंदाजपत्रक दिले: पुढचे पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे शू आणि ब्रेक ऑइल, सगळे नवे; कारण काय, तर चाळीस हजार होत आले. गावाजवळच्या दुसऱ्या मेकॅनिकने चाकाच्या जाळीतून बॅटरीचा झोत टाकून डिस्क पाहिली. ती चकचकीत दिसल्यामुळे डिस्कला काही झालेले नाही, फक्त पॅड बदलू आणि थरथर राहिलीच तर डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून घेऊ, असे त्याने सुचवले. एकाने गाडीला हात न लावता सगळे बदलायला सांगितले आणि दुसऱ्याने डिस्कची एकच बाजू पाहून ती निर्दोष ठरवली. दोघांपैकी कोणीही चाक काढले नव्हते.

किलोमीटरवरून पॅड बदलण्याचा हिशेब चुकतो, याचे कारण पॅडची झीज अंतरापेक्षा ब्रेक किती वेळा आणि किती जोराने लावला यावर अवलंबून असते. मुंबईच्या रहदारीत अडकणारी गाडी आणि मुंबई-गोवा महामार्गावर सलग धावणारी गाडी यांचे पॅड सारख्याच अंतरात सारखे झिजत नाहीत. किनाऱ्यावर त्यात आणखी एक भर पडते. डिस्क राखाडी बिडाची असते आणि तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर कोणताही संरक्षक लेप टिकू शकत नाही. रात्री पाऊस पडला तर सकाळी तिच्यावर तांबूस गंज चढलेला दिसतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघूनही जातो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन बसलेले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस थांबला तरी धातू कोरडा होत नाही आणि गाडी आठवडेच्या आठवडे हलली नाही तर गंज पृष्ठभागावर न थांबता आत खड्डे पाडतो. हे खड्डे ब्रेक लावून जात नाहीत.

तिसऱ्या ठिकाणी, शृंगारतळीच्या एका जुन्या मेकॅनिककडे, गाडीची रीतसर तपासणी झाली. मालकांनी आधीचे दोन्ही सल्ले ऐकवल्यावर त्याने एवढेच म्हटले, “गुरुजी, बाहेरून बघून मी काहीच सांगणार नाही. आधी चाकं काढू, मोजू, मग ठरवू.”

चाके काढण्यापूर्वी त्याने गाडी थोडी चालवून पाहिली. ब्रेक न लावता कोणत्याही वेगाला थरथर येत नव्हती, म्हणजे चाकांच्या बॅलन्सिंगचा प्रश्न बाद झाला. ब्रेक लावल्यावरची थरथर स्टिअरिंगला जाणवत होती, सीटला नव्हे. मागचा ड्रम वाकडा झाला असता तर ती स्टिअरिंगपेक्षा सीटला आणि पेडलला अधिक जाणवली असती. त्यामुळे लक्ष पुढच्या डिस्कांवर केंद्रित करणे योग्य होते.

पॅडची मापे

चाक काढून कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा आणि दाबणारा भाग, सोडवल्यावर पॅड बाहेर आले. नव्या पॅडवर या गाडीत सुमारे १० मिमी जाडीचे मटेरियल असते आणि ते २ मिमीवर आले की पॅड बदलायचा असतो. ही जाडी पोलादी पाठपत्रा वगळून मोजायची. पत्र्यासकट मोजून “अजून सात मिमी आहे” असे समाधान करून घेतलेली माणसे अनेकदा भेटतात. उजव्या चाकात आतल्या पॅडवर ५.५ मिमी आणि बाहेरच्या पॅडवर ६ मिमी मटेरियल शिल्लक होते. डाव्या चाकात बाहेरचा पॅड ६.५ मिमी होता आणि आतला जेमतेम २ मिमी.

एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये साडेचार मिमीचा फरक ही साधी झीज नव्हे. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून आणतो. पिना अडकल्या तर कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटाच राबतो आणि बाहेरचा नुसता टेकून राहतो. डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने मुळीच हलत नव्हती. तिच्यावरचे रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलेले होते, आत ग्रीसऐवजी तपकिरी, भुसभुशीत गंज भरला होता आणि पिन बाहेर काढण्यासाठी बराच वेळ ठोकाठोक करावी लागली.

येथे मालकांच्या निरीक्षणाचाही उलगडा झाला. डाव्या बाजूची पकड अर्धवट असल्यामुळे तिकडचा ब्रेक कमी लागत होता आणि उजव्याला आपले काम करून डाव्याचाही भार वाहावा लागत होता. गाडी उजवीकडे ओढ घेत होती ती त्यामुळेच आणि उजवे चाक जास्त तापत होते तेही त्यामुळेच. गरम चाक नेहमी दोषी असते असे नाही. ब्रेक अडकून सतत घासत असेल तर दोषी चाक तापते, पण ब्रेक कमी लागत असेल तर निर्दोष चाक तापते. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता काही किलोमीटर गाडी चालवून पुन्हा झळ पाहावी. अडकलेला ब्रेक तेव्हाही तापतो, कमजोर ब्रेक मात्र थंड राहतो.

पॅड संपत आल्याची सूचना देण्यासाठी पॅडला एक लहान पोलादी पट्टी लावलेली असते. मटेरियल ठरावीक मर्यादेपर्यंत झिजले की ती डिस्कला घासून किंचाळल्यासारखा बारीक आवाज करते. या गाडीत असा आवाज आलाच नाही, कारण डाव्या आतल्या पॅडची पट्टी गंजून मुळाशीच तुटलेली होती. आवाज येत नाही म्हणून पॅड शाबूत आहे, हा किनाऱ्यावर विसंबण्याजोगा पुरावा नाही.

उजव्या पॅडची जाडी पाहता ते आणखी बरेच चालले असते. तरीही मेकॅनिकने ते बाजूला काढले, आणि त्याला केवळ दोन्ही चाकांचे पॅड जोडीने बदलण्याचा नियम एवढेच कारण नव्हते. त्याने आतला पॅड उजेडात आडवा धरून त्याची कड दाखवली. पोलादी पत्रा आणि मटेरियल यांच्या सांध्यात गंजाची केसाएवढी तांबूस रेघ होती आणि एका कोपऱ्यात तिने मटेरियल किंचित वर उचलले होते. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो पाचरीचे काम करून मटेरियल पत्र्यापासून सोडवतो. जाडी भरपूर असलेला असा पॅड एखाद्या दिवशी जोराच्या ब्रेकला तुकडा टाकू शकतो. माझ्या मते किनाऱ्यावरच्या गाडीत पॅडची कड पाहणे हे जाडी मोजण्याइतकेच आवश्यक आहे, आणि ते जवळपास कोणीच करत नाही.

डिस्कची मापे

डिस्क नवी असताना १८ मिमी जाड होती आणि तिच्या मधल्या भागावर किमान जाडी १६ मिमी अशी अक्षरे ओतलेली होती. वायर ब्रशने गंज काढल्यावर ती वाचता आली. बहुतेक डिस्कांवर अशी नोंद असते, त्यामुळे या बाबतीत अंदाज करण्याची गरज पडत नाही.

मापन मात्र जपून करावे लागते. मेकॅनिकच्या हाताखालच्या मुलाने आधी साधा व्हर्निअर लावला आणि १८.३ मिमी असे सांगितले. जुनी डिस्क नव्या डिस्कपेक्षा जाड निघणे अशक्य आहे. झाले होते असे की पॅड जिथपर्यंत पोहोचत नाही त्या बाहेरच्या कडेला गंजाची उभी वरंबी चढली होती आणि व्हर्निअरचे जबडे तिच्यावरच टेकत होते. हीच चूक १६.८ किंवा १७ असा आकडा देऊन गेली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती आणि संपलेली डिस्क चांगली म्हणून पुन्हा बसली असती. नंतर मायक्रोमीटरने, कडेपासून आत येऊन, प्रत्यक्ष घासल्या जाणाऱ्या पट्ट्यात गोलाकार फिरत आठ ठिकाणी मापे घेतली. उजवी डिस्क सगळीकडे १७.२ मिमीच्या आसपास भरली. डावी १६.६२ ते १६.६६ मिमी भरली.

दोन्ही डिस्क किमान मर्यादेच्या वर होत्या. नुसता हा आकडा पाहिला तर गावाजवळच्या मेकॅनिकचे म्हणणे बरोबर ठरते. पण डाव्या डिस्कच्या जाडीत ठिकठिकाणी ०.०४ मिमी फरक होता, आणि ०.०२ मिमीच्या आसपासचा फरकही स्टिअरिंगला थरथर देण्यास पुरेसा असतो. डिस्क जिथे जाड असते तिथे पॅड जास्त आवळला जातो, जिथे पातळ असते तिथे सैल पडतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ही आवळ-सैल हाताला जाणवते. लोक याला डिस्क वाकली असे म्हणतात. ती क्वचितच वाकलेली असते.

हा फरक कशामुळे निर्माण झाला, ते डिस्क सोडवून उलटी केल्यावर दिसले. बाहेरची बाजू चकचकीत होती, कारण नुसता टेकून राहिलेला बाहेरचा पॅड गंज पुसण्यापुरता घासत होता. आतल्या बाजूवर गोलाकार खोल चरे होते, कडेच्या सुमारे बोटभर रुंदीच्या पट्ट्यात गंजाचे खड्डे होते, आणि एका ठिकाणी बरोबर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा उमटला होता. पावसाळ्यात गाडी उभी असताना ओला पॅड जिथे चिकटून राहिला तिथला हा डाग. नख फिरवले तर ठशाच्या कडेला ते अडकत होते. डिस्कच्या मधल्या फटींत लाल माती आणि गंजाच्या खपल्या इतक्या बसल्या होत्या की काही फटींतून पलीकडचा उजेड दिसत नव्हता. हवा खेळण्याचा त्यांचा मूळ उद्देशच संपला होता. एका बाजूला अडकलेली पिन आणि दुसऱ्या बाजूला वाळूकागदासारखी खरखरीत झालेली डिस्क, यांच्यामध्ये आतला पॅड संपला होता.

डिस्क ज्यावर बसते त्या हबचीही तपासणी झाली. डायल गेज लावल्यावर डिस्कचा झोल, म्हणजे फिरताना आत-बाहेर डोलणे, ०.१२ मिमी आला, जो बराच जास्त आहे. डिस्क काढून हबच्या तोंडावरचा गंज पूर्ण घासून पुन्हा बसवल्यावर तोच झोल ०.०४ मिमीवर आला. याचा अर्थ असा की हब आणि डिस्क यांच्यामध्ये अडकलेली गंजाची खपली डिस्कला किंचित तिरपी धरून ठेवत होती. हब साफ न करता नवीकोरी डिस्क जरी बसवली असती, तरी ती तिरपीच फिरली असती आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत आली असती. मग दोष नव्या डिस्कच्या कंपनीला दिला गेला असता.

निर्णय

डाव्या डिस्कला फेसिंग करण्याचा पर्याय हिशेब मांडून सोडून दिला. आतल्या बाजूचे खड्डे ०.४ मिमीपर्यंत खोल होते. ते पूर्ण काढून दुसरी बाजू समांतर करण्यासाठी तिकडून किमान ०.१ मिमी घेतले, तर १६.६ मधून १६.१ मिमी उरते. १६ ही टाकून देण्याची मर्यादा आहे, तिथपर्यंत कापत नेण्याचे माप नव्हे. शिवाय पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला धातू कमी, फटी बुजलेल्या, आणि गाडीला वर्षातून दोन-तीनदा कुंभार्ली उतरायचा. अशा डिस्कवर नवे पॅड घालणे म्हणजे पॅडही वाया घालवणे आणि मजुरीही दोनदा देणे.

उजव्या डिस्कबाबत मात्र मतभेद झाला. तिची जाडी एकसारखी होती, खड्डे नखाला अडकत नव्हते, आणि मेकॅनिकचे म्हणणे असे की ती ठेवायला हरकत नाही. माझा कल बदलण्याकडे होता आणि मालकांनीही तेच ठरवले. एका बाजूला खेळत्या हवेची नवी डिस्क आणि दुसऱ्या बाजूला खपल्यांनी अर्धी बुजलेली जुनी, अशा जोडीने घाट उतरताना दोन्ही चाके सारखी तापणार नाहीत, आणि ओढीची तक्रार बाजू बदलून परत येऊ शकते. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठीही मी हाच सल्ला दिला असता, फक्त इतक्या आग्रहाने नव्हे.

मागचे ड्रम उघडले तेव्हा शूवर ३.५ मिमी लायनर, म्हणजे घासणारे मटेरियल, शिल्लक होते. त्यांची मर्यादा १ मिमी असल्यामुळे ते बदलण्याचे काहीच कारण नव्हते. आत साठलेली धूळ ओल्या फडक्याने काढली, हवेच्या दाबाने उडवली नाही. ब्रेकची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून ही काळजी घ्यावी. शू दाबणारे व्हील सिलिंडर कोरडे होते, म्हणजे ऑइल गळत नव्हते.

ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेले नव्हते आणि टाकीत चहासारखे तपकिरी दिसत होते. टाकीच्या झाकणावर डॉट ३ हा ऑइलचा प्रकार लिहिलेला होता. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. परंतु ते हवेतले पाणी शोषते आणि पाणी मुरलेल्या अवस्थेत ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर सतत पाय ठेवला तर कॅलिपरजवळचे ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलणे ही चैन नव्हे. जुने पूर्ण काढून चारही चाकांतून हवा काढत नवे भरले.

अशा रीतीने चिपळूणच्या अंदाजपत्रकातल्या चारपैकी तीन गोष्टी झाल्या, शू वगळले गेले, आणि दोन्ही सल्ल्यांत ज्याचा उल्लेखही नव्हता ते काम सर्वांत महत्त्वाचे ठरले: कॅलिपरच्या चारही पिना आणि बूट. डावीकडची खालची पिन टाकून नवी घेतली, उरलेल्या साफ केल्या, भोके ब्रशने स्वच्छ केली आणि ब्रेकसाठी असलेले सिलिकॉन ग्रीस लावले. बेअरिंगचे साधे ग्रीस येथे चालत नाही, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. ग्रीस लावल्यावर प्रत्येक पिन दोन बोटांनी मागेपुढे सरकते का, हे पाहूनच कॅलिपर बसवला. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात त्या खाचाही कानशीने गंजमुक्त केल्या.

काम संपल्यावर पहिला ब्रेक रस्त्यावर मारायचा नसतो. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पेडल आधी उभ्या गाडीतच घट्ट होईपर्यंत दाबले. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये वारा लागू देत, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावले. त्यामुळे पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि घाट टाळण्यास मालकांना सांगितले.

उरला प्रश्न गाडी उभी ठेवण्याचा. ती वाडीतून हलवणे शक्य नव्हते, म्हणून सवयी बदलल्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढून ब्रेक गरम होतील इतकी चालवायची; अंगणात इंजिन सुरू ठेवण्याने बॅटरीचे भले होईल, डिस्कचे नाही. फेरीबोटीच्या उतारावर भरतीच्या वेळी चाके खाऱ्या पाण्यातून गेली तर त्याच दिवशी आतल्या बाजूने गोड्या पाण्याचा फवारा मारायचा आणि मग गाडी ओली उभी न करता थोडी फिरवून हलके ब्रेक लावत कोरडी करायची. बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडी चिरा लावायचा, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहीत. आणि चाके वर्षातून दोनदा काढायची: एकदा मेच्या मध्यावर, एकदा दसऱ्याआधी. तसेही त्या सुमारास गाडी धुऊन-पुसून तिला हार घालायचाच असतो.

पुढच्या दसऱ्याआधीच्या तपासणीत पुढच्या चारही पॅडवर ८.५ ते ८.७ मिमी मटेरियल होते, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पॅडची झीज एकमेकांच्या अगदी जवळ आली होती. डिस्कच्या कडेला गंज होता, घासणाऱ्या पट्ट्यात नव्हता. उजव्या कॅलिपरच्या वरच्या पिनेचे बूट मात्र तडकलेले आढळले. पिन अजून मोकळी होती, तेव्हा फक्त बूट आणि ग्रीस बदलून चाक परत लावले.